बदलण्याआधी मला विचारा

तारनाका,
१४ जुलै २०२५

समीर,

सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पस्तीस वर्षं मी रेल्वेत सिग्नलची दुरुस्ती केली आणि त्यातली वीस युनियनच्या मंचावर ओरडलो. एवढ्या वर्षांत एक कळलं. तोंडी विचारलेला प्रश्न साहेब लोक तोंडीच पुसून टाकतात. लेखी विचारलं की लेखी उत्तर द्यावं लागतं. तू माझ्या प्रबुद्धचा मित्र, सहा वर्षं त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला. तुला लेखी विचारतो.

तुमच्या कंपनीकडून मला चौकशी अहवालाची प्रत आली आहे. बावीस मेच्या दुपारी वादळात नामपल्लीची वीज गेली. तिथे राहणाऱ्या एकनाथराव नावाच्या निवृत्त शिक्षकांना तुमच्या ऑक्सिजनच्या छोट्या यंत्राचा आधार होता. वीज गेल्यावर त्यांच्या पत्नीने यंत्राला पॉवर बँक जोडली. यंत्राने पॉवर बँकेतून वीज घ्यायची, ते सोडून स्वतःच्या बॅटरीतली वीज पॉवर बँकेला देत राहिलं. दोन तास चालणारी बॅटरी पन्नास मिनिटांत संपली. एकनाथराव गेले. अहवालाचा निष्कर्ष : हा दोष 'कै. प्रबुद्ध किशनराव वाव्हळे यांनी केलेल्या बदलामुळे' आला.

पुरावा म्हणून एक छापील पान जोडलंय. तीन ओळी इंग्रजीत, खाली प्रबुद्धचं नाव, आणि नावाखाली तारीख. ४ मार्च २०२५.

समीर, माझा मुलगा अकरा फेब्रुवारीला उप्पलच्या रस्त्यावर अपघातात गेला. तुम्ही सगळे आला होतात. चार मार्चला त्याला जाऊन एकवीस दिवस झाले होते.

कंपनीत एवढे शिकलेले लोक, एकालाही या दोन तारखा शेजारी ठेवून बघाव्याशा वाटल्या नाहीत? आम्ही रेल्वेत सिग्नलच्या एका तारेला हात लावायच्या आधी स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो द्यायचो. मी अमुक, इतके वाजता, अमुक तार सोडवतोय, सही. काम झालं की जोडल्याचा मेमो, पुन्हा वेळ, पुन्हा सही. का? गाडी घसरली तर ज्याने हात लावला तोच माणूस सापडावा, त्याच्या जागी दुसरा कुणी गरीब सापडू नये म्हणून. आणि गरीब सापडतोच. आमच्या लोकांच्या माथी दोष मारायला पुरावा लागत नाही हे मी जिवंतपणी पाहिलंय. मेल्यावरही सुटका नाही हे आता पाहतोय.

तारीख मी मोठ्याने वाचली तेव्हा तुझी काकू मनकर्णा भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "म्हंजे गेल्यावर बी लेकरू कामावर जायलंय का?" तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली.

माझा प्रश्न एकच आहे. चार मार्चला माझ्या मुलाच्या नावाने कोण लिहीत होतं?

किशनराव वाव्हळे


गौलीगुडा,
२३ जुलै २०२५

आदरणीय किशनकाका,

सादर नमस्कार. माझं मराठी बोलण्यापुरतंच. लिहायला घेतलं की हात अडतो. म्हणून मी सांगत गेलो आणि आईने हे पत्र स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. तुम्हाला तिचाही नमस्कार.

फोन उचलला नाही याची माफी मागतो. प्रबुद्धच्या नावाने तुमचा नंबर माझ्या फोनवर आहे. 'प्रबुद्ध घर'. ती अक्षरं चमकली की बोट पुढे जात नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर साधं आहे. आमच्या यंत्रात लिनक्स नावाचं संगणकाचं सॉफ्टवेअर चालतं. यंत्रावर काय काय बसवलंय आणि प्रत्येक भागाने कसं वागायचं, हे त्याला एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. चार्जिंगची जी चपटी, गोल कडांची खाच असते, ती वीज घेऊही शकते आणि देऊही शकते. कुठल्या वेळी काय करायचं हे त्या फाइलीतल्या दोन-तीन ओळी ठरवतात. अशा फाइलीत कुणीही बदल केला की खाली त्याचं नाव आणि तारीख आपोआप पडते.

पण ती तारीख नेहमी लिहिल्याच्या दिवसाची नसते. बरेच बदल साठवून ठेवतात आणि नंतर एकदम मुख्य फाइलीत घेतात. तेव्हाची तारीख पडते. प्रबुद्धने हा बदल जानेवारीतच लिहून ठेवला असणार. चार मार्चला तो फक्त आत घेतला गेला. इतकंच.

त्याने मुद्दाम काही केलं नाही, काका. अशा चुका आमच्या सगळ्यांच्या हातून होतात. चिप विकणारी कंपनी नमुन्याचा बोर्ड देते, त्याबरोबर एक तयार फाइल येते, तिच्यातून ओळी उचलल्या जातात. माणूस वाईट ठरत नाही.

त्याचा डबा रोज आम्ही दोघं खायचो. काकूंच्या ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो म्हणायचा, "हौ, रड आता! तुझ्या घरात तीन पिढ्या वकील. खरं पाणी पहिल्यांदाच येतंय."

काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
समीर


तारनाका,
२० ऑगस्ट २०२५

समीर,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा शंका, तिसऱ्यांदा लाज. चौथ्यांदा विश्वास ठेवला, कारण पत्र प्रबुद्धच्या मित्राचं होतं. जन्मभर मी मंचावरून सांगत आलो की चूक कबूल करायला छाती लागते. मग माझ्या घरातली चूक आली की मी छाती कुठे लपवू? माझा मुलगा चुकला. एक माणूस त्या चुकीने गेला. मुलगा नाही, तर बापाने जायचं.

मी नामपल्लीला गेलो. एकनाथरावांच्या पत्नी पद्मावतीबाईंकडे. बैठकीच्या खोलीत यंत्र अजून कोपऱ्यात आहे, त्यावर टॉवेल घातलेला. मी हात जोडले. म्हणालो, "बाई, ज्याच्या चुकीने तुमचं माणूस गेलं त्याचा मी बाप. माफी मागायला आलोय."

त्या मला शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या पोराला काय बोलू मी? माझ्या हाताने झालंय. मी वायर उलटी लावली असेल. घाईत होते. हिरवा दिवा लागला, 'जोडले आहे' असं दिसलं, म्हणून मी निवांत झाले. त्यांच्याजवळ बसून वारा घालत होते." मग उठल्या, त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि ती वायर हातात घेऊन मला विचारलं, "यातली सुलटी बाजू कोणती, तुम्हाला माहिताय?"

मी सिग्नलवाला माणूस, समीर. हजारो तारा जोडल्या. मला सांगता आलं नाही.

घरी आलो आणि आमच्या घरातलं यंत्र बंद केलं. तुला माहीत असेल, करोनापासून मनकर्णाची फुफ्फुसं कमजोर आहेत. प्रबुद्धने गेल्या वर्षी तपासणीसाठी बनवलेल्या यंत्रांतलं एक, सातव्या नंबरचं, साहेबांच्या परवानगीने तिच्यासाठी घरी आणलं होतं. ज्या हाताने एकाचा श्वास गेला, त्याच हाताचं यंत्र मी तिच्या नाकाशी कसं ठेवू? ते चादरीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं आणि भाड्याचं मोठं यंत्र आणलं. ते फक्त घरच्या विजेवर चालतं. वीज गेली की बंद.

मनकर्णा एवढंच म्हणाली, "काय करायलाव हे? लेकरानं दिलेलं हाय." मी तिला समजावलं. चांगलं तासभर भाषण दिलं. ती ऐकत राहिली.

पण ते यंत्र गप्प बसेना. बॅटरी उतरली की ते टुक-टुक वाजतं. दर तासाला कपाटातून दोनदा, टुक-टुक. पत्र्यातून आवाज मोठा होतो. मी वर्तमानपत्र वाचत असलो की वाजायचं, जेवायला बसलो की वाजायचं. मी बुद्धाला मानणारा माणूस, भुताखेतांवर सभांमधून कोरडे ओढलेत. तरी सांगतो, तो आवाज आला की मी दाराकडे पाहायचो. प्रबुद्ध किल्ली विसरला की बोटाने असंच दोनदा वाजवायचा.

पाचव्या दिवशी आवाज थांबला. बॅटरी संपली असणार. मुलगा दुसऱ्यांदा गेला असं वाटून मी त्या कपाटासमोर बसलो.

परवा दुपारी मी सभेत असताना इथली वीज चाळीस मिनिटं गेली. धावत आलो, तर मनकर्णा खिडकीपाशी शांत बसलेली. ओठ काळे नाहीत, धाप नाही. नवल वाटलं. पण असं नवल रोज होणार नाही, हे मलाही कळतं. दुसरं बॅटरीचं यंत्र मिळेपर्यंत आमचं घर विजेच्या मर्जीवर आहे.

तू खरं सांगितलंस म्हणून तुला हे सगळं कळवतोय.

किशनराव


गौलीगुडा,
२४ ऑगस्ट २०२५, रविवार

किशनकाका,

हे पत्र आईला दाखवलं नाही. अक्षर माझं आहे, चुकाही माझ्या आहेत. पोस्टात टाकणार नाही, आत्ताच येऊन तुमच्या दाराच्या फटीतून सरकवतो. बेल वाजवायची हिंमत नाही.

आधी हे करा, बाकी मागून वाचा. सात नंबरचं यंत्र कपाटातून काढा. भिंतीतल्या चार्जरला लावा आणि काकूंना द्या. ते यंत्र बरोबर आहे. त्याच्यात प्रबुद्धचं लिखाण आहे आणि प्रबुद्धचं लिखाण कधी चुकलं नाही.

चार मार्चला मी लिहीत होतो.

तो गेल्यावर साहेबांनी त्याचं काम मला दिलं. त्याच्याच संगणकावर सगळं जमवलेलं होतं, म्हणून मी त्याच्या खुर्चीवर बसायला लागलो. आमच्यात पद्धत आहे, दुसऱ्याच्या संगणकावर बसलं की पहिलं काम, नावाच्या जागी आपलं नाव घालायचं. एका मिनिटाचं काम. मी ते केलं नाही. विसरलो असं सांगता आलं असतं, पण विसरलो नव्हतो. मला त्याचं नाव पुसवेना, काका. दिवसभर काम करायचो आणि प्रत्येक कामाच्या खाली 'प्रबुद्ध' पडायचं. वाटायचं, तो शेजारी बसलाय आणि आज दोघांनी मिळून एवढं केलं. उद्या बदलू, उद्या बदलू, असं म्हणत दिवस गेले.

मार्चमध्ये साहेब म्हणाले, यंत्रावरून मोबाइलही चार्ज झाला पाहिजे, विकायला बरं पडतं. म्हणजे ज्या खाचेने फक्त घ्यायचं, तिने द्यायचंही. नमुन्याच्या बोर्डाच्या फाइलीतून मी तीन ओळी उचलल्या. त्यातल्या एका ओळीचा अर्थ होता, समोरचाही दोन्ही करू शकत असेल तर आधी देऊन बघ. नमुन्याच्या बोर्डावर ते ठीक. त्या बोर्डावर कुणाचा श्वास नसतो. मी भिंतीतला चार्जर लावून पाहिला. तो फक्त देतो, म्हणून यंत्राने घेतलं. मोबाइल लावून पाहिला, त्याला दिलं. दोन्ही बरोबर. पॉवर बँक लावून पाहिली नाही. पॉवर बँक देतेही आणि घेतेही. दोघं समोरासमोर आले आणि आमचं यंत्र आधी द्यायला धावलं.

अहवालाला जोडलेलं ते पान मीच छापून दिलं. अर्धं दिलं. पूर्ण पान सोबत जोडतोय. वरच्या भागात मी खोडलेल्या दोन ओळी आहेत. पहिलीत लिहिलंय, ही खाच फक्त वीज घेईल. दुसरी ओळ यंत्रासाठी नाही, ती फाइल उघडणाऱ्या माणसासाठी असते. प्रबुद्धने इंग्रजीत लिहिलेली, तिचं मराठी असं :

'यावर माणसाचा श्वास चालतो. बदलण्याआधी मला विचारा. प्रबुद्ध.'

मी ती वाचली होती. विचारू कुणाला? मग ती खोडली. आणि ज्याने 'मला विचारा' लिहिलं होतं, त्याचंच नाव त्या खोडण्याखाली पडलं.

जूनमध्ये चौकशी सुरू झाली तेव्हा साहेबांनी खालचं नाव वाचलं आणि म्हणाले, अरे, हा तर आपला प्रबुद्ध. मग कुणी काही बोललंच नाही. गेलेल्या माणसावर गेलं म्हणून सगळे मोकळे झाले. मी त्या खोलीत होतो. गप्प बसलो. तुम्हाला साठवलेल्या बदलांची गोष्ट सांगितली ती खोटी.

आजही पुढे रेटलं असतं. पण तुम्ही काकूंचं यंत्र बांधून ठेवलंत, आणि त्या बाई सुलटी बाजू शोधताहेत. काका, त्या वायरला उलटी बाजू नसतेच. कशीही लावा, सुलटीच लागते. ती तशीच बनवलीय.

मी काय करू ते सांगा.

समीर


तारनाका,
२५ ऑगस्ट २०२५

समीर,

जय भीम.

पत्र वाचल्यावर पहिल्यांदा हातात काठी घेतली हे तुला कळायला हवं. गौलीगुड्याची बस पकडून तुमच्या वकिलांच्या घरासमोर उभा राहणार होतो आणि अख्खी गल्ली गोळा होईल असं बोलणार होतो. मला बोलता येतं, तू ऐकलंयस. मनकर्णा दारात आडवी आली. म्हणाली, "आधी त्यानं सांगितलेलं करा की. कपाट उघडा."

उघडलं. चादर मी बांधली होती तशी नव्हती. यंत्र थंड नव्हतं. बॅटरी शंभरावर होती.

मी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही सभेला गेलाव की मी त्येच लावत होते," ती म्हणाली. "चार्जिंग बी करत होते. म्हणून तर वाजणं थांबलं. तुम्हाला वाटलं लेकरू मेलं पुन्हा. सांगणार होते, पण तुमचं भाषण संपंना." मग काय म्हणाली ऐक. "समद्या कागदावर त्याचं नाव लिवलं तरी मी मानलं नसतं. आईच्या नाकाला लावायचं यंत्र त्यो तसं करील का?"

मी पुस्तकांच्या चार भिंती घरात उभ्या केल्या, समीर. पुराव्यावर विश्वास ठेव, असं जन्मभर लोकांना ओरडून सांगितलं. आणि अर्ध्या पानाचा पुरावा दाखवला की मी मुलाला दोषी मानून मोकळा झालो. तिच्याजवळ एक पानही नव्हतं. तुझ्यावरच्या रागातला अर्धा माझ्यावरचा आहे, म्हणून तू वाचलास.

आता विचारतोस, काय करू. ऐक, आणि हे मी बाप म्हणून सांगत नाही, सिग्नलवाला म्हणून सांगतो. मला लिहिलेली कबुली माझ्या कपाटात कुजेल. तिचा कुणाला उपयोग? तार जिथे सोडवलीस तिथेच जोडल्याचा मेमो दे. त्याच फाइलीत. तुझं नाव, तुझी तारीख. माझ्या मुलाचं नाव तुला पुसवत नव्हतं म्हणतोस. तुझं प्रेम मी नाकारत नाही. पण तुझ्या त्या प्रेमाच्या आडोशाला माझा मुलगा खुनी ठरला. असलं प्रेम मला नको. पूस ते नाव. जिथे त्याने काम केलं नाही तिथून पूस, म्हणजे जिथे केलं तिथे ते खरं राहील.

दुसरं, साहेबांना लेखी दे. एक प्रत मला. तोंडी नको.

तिसरं नामपल्लीचं. तिथे मी येणार नाही. मी एकदा खोटी माफी मागून आलोय. खरी तू माग.

किशनराव


गौलीगुडा,
९ सप्टेंबर २०२५

किशनकाका,

पहिलं आणि दुसरं सोबत जोडलंय. दोन कागद.

त्या संगणकावर शेवटचा बसलो. नावाच्या जागी 'प्रबुद्ध' होतं. ते काढलं, माझं लिहिलं. एक मिनिट लागलं. मग त्याची ओळ परत घातली, खाच फक्त वीज घेईल. मोबाइल चार्ज होणार नाही. बदलाचं कारण विचारतात तिथे सगळं लिहिलं : चार मार्चचा बदल मी केला होता, नाव चुकीचं आहे, तो माणूस तेव्हा हयात नव्हता. या वेळी पॉवर बँक लावून पाहिली. एक नाही, अकरा वेगवेगळ्या. प्रत्येक वेळी संगणकावरचा विजेचा बाण आतल्या बाजूला होता, म्हणजे यंत्र वीज घेत होतं.

त्याची ती दुसरी ओळही परत घातली. 'यावर माणसाचा श्वास चालतो' तसंच ठेवलं. 'बदलण्याआधी मला विचारा' तसंच. खाली त्याचं नाव लिहिता येईना. त्याला आता कुणी विचारू शकत नाही. माझं घातलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दारावर माझं कार्ड चाललं नाही. साहेबांनी खालीच गाठलं. म्हणाले, "समीर, मेलेल्याचं काय गेलं असतं? तुझं सगळं गेलं." लोकांच्या घरी गेलेली सगळी यंत्रं परत मागवायला मात्र त्यांनी सुरुवात केली आहे. लेखी मिळाल्यावर त्यांना दुसरा रस्ता नव्हता. पुढे पोलिसांतही जावं लागेल. जाईन. आईला सांगितलं. तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं, तिसऱ्या दिवशी आजोबांच्या वकिली कपाटातलं कोरे कागद ठेवायचं जुनं पाकीट दिलं आणि म्हणाली, "सगळं लिही. काही सोडू नकोस."

काल दुपारी नामपल्लीला गेलो. पद्मावतीबाई मला ओळखत नव्हत्या. मी उभ्यानेच सांगितलं. मी कोण, काय लिहिलं, काय तपासलं नाही, किती महिने गप्प होतो, आणि त्या वायरला उलटी बाजू नसते हेही. माझं संपल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या यंत्रावरचा टॉवेल काढला. वायर घेतली आणि लावली. काढली. बोटांत फिरवून दुसऱ्या बाजूने लावली. पुन्हा काढली, पुन्हा फिरवली. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. दर वेळी ती सहज आत जात होती.

मग वायर मांडीवर ठेवली आणि मला नाही, एकनाथरावांच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या,

"ऐकलंत? मी बरोबर लावली होती."

समीर